पवनगामिनीचे पार्किंगपर्व

२ नोव्हेंबर, रात्री
पवनगामिनीचे आज सकाळी ७.१० वाजता सांगलीच्या विश्रामबागेत शुभागमन. वर्ण रक्तिम, आसने दोन, छत इच्छेनुसार उघडणारे, भूमीपासून उंची साडेचार इंच. एकोणतीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकवल्यानंतर मनुष्याने एकदा तरी वेगाशी परिचय करून घ्यावा, हा माझा सिद्धांत. आज तो मूर्तिमंत होऊन पार्किंगमध्ये उभा आहे.

केवळ नोंदीसाठी : पुण्याहून ती ट्रकवर पट्ट्यांनी बांधून आली. मी त्याच ट्रकच्या केबिनमध्ये चालकाशेजारी बसून आलो. तथापि मार्ग तोच, घाट तोच, वाराही तोच. ट्रक सोसायटीच्या मागच्या गल्लीत थांबवला; कारण पुढच्या गल्लीत फिरायला जाणारे ज्येष्ठ नागरिक असतात, त्यांची शांती भंगू नये.

सायंकाळी पूजा. नारळ फुटला. चाकाखाली लिंबू ठेवले. इंजिन तीनदा बंद पडले. लिंबू अक्षत. चौथ्या वेळी सौ.ने लिंबू उचलले, हातानेच चिरडले आणि म्हणाली, "फुटलं समजा. पोहे निवतायत." अंकिताने चित्रफीत काढली आहे. ती नष्ट करण्याची विनंती केली. म्हणाली, "बाबा, आवाज काढून टाकते, म्हणजे इंजिन चालू होतं की नव्हतं ते कळणार नाही." कन्या गुणी आहे.

५ नोव्हेंबर
स्टाफरूममध्ये पृच्छा : गाडी स्वतः चालवत आणली? मी स्मित केले. स्मित हे विधान नव्हे. त्यामुळे ते असत्यही नव्हे.

सायंकाळी गावाहून आबांचा फोन. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्त हवालदार नाथाजी. चोवीस वर्षे सैन्यात चालक. एकाहत्तरच्या युद्धात दिवे न लावता तीन टनी ट्रक नेणारा हा माणूस. त्यांच्यापुढे स्मित चालत नाही. फोनवर तर नाहीच.

"खंबाटकी कुठल्या गेअरात चढवलास रं?"
"पाचव्या."
"चढाला?"
"हो."

पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटले रेंज गेली. मग म्हणाले, "बरं." थक्क झाले असावेत.

८ नोव्हेंबर
आबांचा पुन्हा फोन. सोळा डिसेंबरला साताऱ्यात त्यांच्या तुकडीतील जुन्या चालकांचा मेळावा असतो. दरवर्षी ते एस.टी.ने जातात. यंदा त्यांनी सुभेदार ज्ञानू मोहित्यांना आधीच सांगून टाकले आहे की, "आमचं तानू लाल गाडीतनं घिऊन येणार हाय मला."

मग जरा थांबून मला विचारले, "येशील न्हवं?"

माझ्या आठवणीत आबांनी माझ्याकडे काहीही मागितलेले नाही. मी सैन्यात न जाता संस्कृतला गेलो, तेव्हाही एवढेच म्हणाले होते, "ठीक हाय, कुणीतरी ते बी शिकाय पायजे." मी तत्काळ होकार दिला. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

संकल्प : उद्यापासून प्रतिदिनी पहाटे साडेपाच ते साडेसहा वाहनाभ्यास. पाच आठवडे आहेत. मनुष्य पाच आठवड्यांत वेदांचा घनपाठ आरंभू शकतो. क्लच काय चीज आहे.

९ नोव्हेंबर
धुके.

१० नोव्हेंबर
धुके नव्हते, परंतु पडण्याची शक्यता होती.

११ नोव्हेंबर
अभ्यास संपन्न. पस्तीस मिनिटे. इंजिन चालू करून आसनस्थ राहिलो, सर्व कळांचा परिचय करून घेतला. प्रत्यक्ष गमन हा अभ्यासाचा केवळ एक भाग आहे. वॉचमनने विचारले, "सर, कुणाची वाट बघताय?"

१५ नोव्हेंबर
आज पवनगामिनी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडली. हे मी स्वतः केले. इथवर नोंद निर्मळ आहे.

चौकात इंजिन बंद पडले. मागे उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर भरून, वर स्पीकरवर गाणे. पुन्हा चालू केले, पुन्हा बंद. एकूण सहा वेळा. ट्रॅक्टरवाला उतरून आला, खाली वाकून खिडकीत डोकावला. "आवं काका, पाय दाबून धरलाय न्हवं? दाबा की पुरा!" मी त्यास हाफ क्लच या संकल्पनेविषयी माझे मत सांगू लागलो. तो म्हणाला, "काका, उतरा. फॅक्टरीत नंबर लागलाय माझा." मी उतरलो. त्याने चपला काढल्या, अनवाणी आत बसला आणि एका झटक्यात गाडी कडेला लावली. मग चपला घालून निघून गेला. सभोवताली चाळीसेक लोक होते. त्यांपैकी तिघे माझे विद्यार्थी, एक माजी प्राचार्य.

वाहतुकीस सहकार्य करणे हे नागरिकाचे कर्तव्य होय. चपला काढल्याचे मला का लागून राहिले आहे, कळत नाही.

१९ नोव्हेंबर
क्लचमध्ये दोष असणार. मिरज रस्त्यावरील धुळा मेस्त्रींना पाचारण केले. हा जतकडचा मनुष्य. वडील मेंढ्या राखत, हा इंजिने राखतो. त्याने गाडी एकदाच चालू केली, मला शेजारी बसवले आणि मिरजेपर्यंत जाऊन परत आणली. अप्रतिम अनुभव. छत उघडे. मी दोन सहकाऱ्यांना हात केला. एकाने परत हात केला, तो बहुधा धुळा मेस्त्रींना.

परतल्यावर निदान : "सर, क्लच झ्याक हाय."
मी : मग इंजिन बंद का पडते?
तो हात पुसत राहिला. फार वेळ पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "गाडी नवीन हाय तुमास्नी." भल्या माणसाने दिलेले शब्द. मी ते तसेच स्वीकारले. कारण दुसरे घेण्याची तयारी नव्हती.

जाताना सांगून गेला, "पर पळवा सर तिला. मेंढरू बांधून ठिवलं की आजारी पडतंय, तसंच हाय हे."

२३ नोव्हेंबर, रविवार
नूतन विचार. समस्या माझ्या कौशल्याची नसून मार्गाची असेल तर? साडेचार इंच उंचीची गाडी गावातील गतिरोधकांवरून जाऊच शकत नसेल, तर माझा नाइलाज वैज्ञानिक ठरतो. सौ.च्या पांढऱ्या छोट्या गाडीने, जी स्वतःच गेअर बदलते आणि जिला माझ्याकडून कसलीही अपेक्षा नाही, सर्वेक्षणास गेलो. सोबत एक फूटपट्टी.

आमच्या गावात रस्ता शासनाचा असला तरी गतिरोधक मानाचे असतात. सरपंचांच्या दारात एक. विकास सोसायटीच्या चेअरमनांच्या दारात एक. डॉक्टर, निवृत्त हेडमास्तर, दूधसंघाचे संचालक, सर्वांच्या दारात एकेक. ज्याच्या दारात वाहन मंदावत नाही तो कोण? एकूण अकरा मोजले. उंची पाच ते सात इंच. माझा आनंद वृद्धिंगत होत होता.

सर्वाधिक उंची : नऊ इंच. आमच्याच दारात.

हा गतिरोधक मी करवून घेतला आहे. चार वर्षांपूर्वी. "राष्ट्रसेवेत आयुष्य वेचलेल्या वृद्ध पितृचरणांच्या सुरक्षिततेस्तव" अशा शब्दांत ग्रामपंचायतीला दोन पानी अर्ज लिहिला होता. संचालकांच्या दारातल्यापेक्षा दोन इंच अधिक असावा, हे तोंडी सांगितले होते. आबा तेव्हा म्हणाले होते, "मला कशाला रं? मी गाड्या पळवल्या, आडवल्या न्हाईत." परंतु दर दिवाळीला त्यावर चुन्याचे पट्टे स्वतः ओढतात. मी पाहिले आहे.

मी पालथा पडून पट्टी लावत असताना आबा बाहेर आले. "काय हरवलं काय?" मी उठलो, धूळ झटकली आणि समस्या सविस्तर मांडली. माझ्या वाणीत खेद होता, तो मी कष्टाने आणला होता. आबा, गाडी इथवर येऊच शकत नाही. भौतिकशास्त्र आहे.

आबांनी गतिरोधकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "एवढंच व्हय? जेवून जा."

२६ नोव्हेंबर
गावाहून चुलती मनुबाईंचा फोन. आबांनी काल सकाळी कुदळ घेऊन आमच्या दारातला गतिरोधक फोडला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस. दुपारपर्यंत सपाट. मग चहा पिऊन हेडमास्तरांकडे गेले, डॉक्टरांकडे गेले, पोराची गाडी येणार आहे म्हणून विनंती केली. सरपंच नाही म्हणाले, तर त्यांच्या गतिरोधकाला आबांनी दोन्ही बाजूंनी मुरूम टाकून उतार करून दिला. "माणसं हसत्यात रं तानू," मनुबाई म्हणाल्या, "पर ह्यांस्नी काय बी वाटत न्हाई. गाडीची रुंदी किती, ते इचारायला सांगितलंय."

मी रुंदी सांगितली.

हे इथे लिहू नये असे वाटले. लिहिले.

२७ नोव्हेंबर
महासंकल्प. दररोज दोन तास. कसलीही सबब नाही.

२८ नोव्हेंबर
पहाटे पाच वाजता उठलो. कव्हर काढले. बॅटरी गतप्राण. धुळा मेस्त्री आले; उंदरांनी वायरिंगही कुरतडले होते. आत घरटे सापडले, त्यात माझ्या हस्ताक्षरातील संकल्पपत्रिकेचा तुकडा. मेस्त्रींनी तो मला आदराने परत दिला. दुरुस्तीस चार दिवस.

खरे सांगायचे तर पहाटे बॅटरी मृत आढळली तेव्हा छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले. उंदरांविषयी कृतज्ञता वाटली. बावन्न वर्षांचा प्राध्यापक मी, आणि उंदरांचा ऋणी.

५ डिसेंबर
गाडी सिद्ध. मीही सिद्ध. फाटकापर्यंत तीनदा जाऊन आलो. जाताना पुढे, येताना मागे. मागे येताना खांबास किंचित स्पर्श. खांबास काही झालेले नाही.

८ डिसेंबर
अलौकिक कल्पना सुचली, स्नानाच्या वेळी. गाडी धुळा मेस्त्री चालवतील. गावाबाहेर ते उतरतील, शेवटचे दोनशे मीटर सरळ आहेत, ते मी चालवीन. आबांना घेऊन पुन्हा गावाबाहेर आलो की मेस्त्री चालवायला बसतील. साताऱ्यात शेवटचे दोनशे मीटर पुन्हा मी.

योजना सौ.ला भोजनसमयी निवेदिली. तिने पोळी लाटता लाटता ऐकली. मग विचारले, "सीटं किती आहेत गाडीला?"
दोन.
"मेस्त्री, तुम्ही आणि आबा. आबा डिकीत बसणार, का तुम्ही?"

अंकिता हसत सुटली, पण मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाबा, सरळ सांगा ना त्यांना. आजोबा काही म्हणायचे नाहीत." मी म्हणालो, तोच तर प्रश्न आहे. हे वाक्य माझ्या तोंडून कसे गेले, ठाऊक नाही.

१२ डिसेंबर
सत्यकथनाचा निश्चय. वाक्य तयार केले : आबा, मला ही गाडी चालवता येत नाही. साधे, अल्पाक्षर. आरशापुढे चार वेळा म्हटले. फोन लावला.

आबा म्हणाले, ब्लेझरला इस्त्री करून आणली. पदके काल चिंचेने घासली. ज्ञानू सुभेदारांनी कळवले आहे की बाराजण येणार. त्यांच्यातले पाच आता काठीवर आहेत. "गाडीत बसायची सगळ्यांस्नी हौस हाय रं. म्हटलं, गडबड नगं. मी लिस्ट केलीया. सीनियॉरिटीनं एकेकाला बसवायचं. मैदानाला एक फेरा. चालंल न्हवं तुला?"

मी म्हणालो, "चालेल."
"तेल-पाणी बघून ठिव."
"हो."

फोन ठेवल्यावर लक्षात आले की तयार केलेले वाक्य माझ्या हातातल्या कागदावर तसेच होते.

१५ डिसेंबर, दुपारी ४
आबांना फोन. इंजिनातील एक भाग सदोष निघाला, तो परदेशातून यावा लागतो, गाडी सर्व्हिसिंगला आहे. हे सर्व मी एका दमात सांगितले. उत्तम सांगितले. गाडी त्या वेळी माझ्यापासून वीस पावलांवर पार्किंगमध्ये उभी होती, धुतलेली.

आबा म्हणाले, "बरं. मशीन हाय, चालायचंच." मग, "दुसरं काय न्हाई न्हवं? तुला काय लागलंबिगलं न्हाई?"
नाही म्हणालो.
"मग झालं तर."

सौ. शेजारीच उभी होती. म्हणाली, "माझी गाडी आहे की. घेऊन जा त्यांना. दोन तासांचं तर काम."

वस्तुतः जाता आले असते. ती गाडी मला येते. परंतु मी मनातल्या मनात साताऱ्याचे ते मैदान पाहिले. बारा म्हातारे चालक, आणि पांढऱ्या छोट्या गाडीतून उतरणारा मी. त्यांच्यातील कोणीतरी विचारणार, लाल कुठे आहे? आणि चालकांना इंजिनाविषयी काय सांगणार? ते विचारतील, कुठला भाग? मी सौ.ला म्हणालो, उद्या परीक्षेचे पर्यवेक्षण आहे. ती धुणे वाळत घालायला गेली.

१६ डिसेंबर
पर्यवेक्षण नव्हते. परीक्षा गेल्या आठवड्यातच संपल्या.

घरातून साडेआठला बॅग घेऊन निघालो, कारण निघणे आवश्यक होते. पार्किंगमध्ये आलो. कोणी नव्हते. पवनगामिनीच्या कव्हरची कड उचलून आत शिरलो, दार लावले. नऊ ते एक आत बसून होतो. कव्हरच्या आत दिवसाही अंधार असतो आणि रबराचा वास येतो. साताऱ्यात दहाला ध्वजवंदन असते. साडेदहाला चहा. आबांनी या सर्व वेळा मला गेल्या महिन्यात सांगितल्या होत्या.

एक वाजता कोणीतरी बाहेरून बॉनेटवर टकटक केले. सौ. होती. कव्हर न उचलताच म्हणाली, "वर या. जेवायला वाढलंय."

तिला केव्हापासून ठाऊक होते, हे मी विचारले नाही. भेंडीची भाजी होती.

१७ डिसेंबर, सायंकाळी ६
अनोळखी क्रमांकावरून फोन. सुभेदार ज्ञानू मोहिते. आबांच्या फोनमधून माझा क्रमांक त्यांनी गुपचूप टिपून घेतला होता. आवाज थकलेला, पण हुकमी.

"प्रोफेसरसाहेब, तुमचं वडील बरं हायत न्हवं?"
मी म्हणालो, बरे आहेत, का?

त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. बाराजण फाटकाशी साडेनऊपासून उभे होते. कोणी गाडीसाठी हार आणला होता. आबा रस्त्याच्या पलीकडून एकटे चालत आले, ब्लेझर घालून, हातात पिशवी. सगळ्यांनी विचारले, गाडी कुठाय? आबा म्हणाले, "पोरानं आणली व्हती स्टँडापतूर. मीच म्हटलं, जा माघारी, तुझं कॉलेज हाय. हितं गर्दीत गाडीला वरबाडा पडायचा. लय गयावया करत हुतं, पर मीच न्हाई येऊ दिलं."

"मग आमी काय बोललो न्हाई," सुभेदार म्हणाले. "पर साहेब, पन्नास वर्षं वळकतो मी नाथाजीला. चौकशीला उभा केला तवा बी खोटं बोललं न्हाई ते. ट्रक नाल्यात गेला, चूक हेल्परची हुती, तरी ह्यो म्हणाला, गाडी मी चालवत हुतो, जबाबदारी माझी. शिक्षा घेतली. पत्त्यात बी खोटं बोललं की त्याचं कान लाल व्हत्यात. काल दोन्ही कान लाल व्हतं. म्हटलं, तब्येतीचं काय लपवतोय का काय. म्हणून फोन केला. काय असंल तर सांगा, आमी समदे हाय."

मी म्हणालो, तब्येत उत्तम आहे.
"मग काय असंल हो?"

मी म्हणालो, "थंडी असेल, सुभेदारसाहेब. सकाळी वारा असतो साताऱ्यात."

ते "व्हय" म्हणाले. पटल्यासारखे वाटले नाही.

१८ डिसेंबर
महाविद्यालयात गेलो नाही. रजेच्या अर्जात कारण लिहायचे होते. "प्रकृतिअस्वास्थ्य" लिहिले, खोडले. "वैयक्तिक" लिहिले.

२१ डिसेंबर, रविवार
गावी गेलो. सौ.च्या पांढऱ्या गाडीने. वाक्य या वेळी कागदावर लिहिले नव्हते; पाठ होते. आबा, गाडीत दोष नाही. मला ती चालवता येत नाही. मी चालवत आणलीच नव्हती. आणि सोळा तारखेला मी सांगलीतच होतो, मोकळा होतो.

गाडी अगदी दारासमोर उभी केली. लपवायची नाही असा निश्चय होता. आबा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मला पाहताच म्हणाले, "आलास? जेवला न्हाईस न्हवं?" मनुबाईंना हाक मारली, भाकरी टाकायला सांगितली.

मी म्हणालो, आबा, मला काही सांगायचे आहे.

आबा घाईने म्हणाले, "गाडी झाली का दुरुस्त?"

खरे सांगून टाकायला दोन क्षण होते. मी मोजले नाहीत, पण होते.

"झाली," मी म्हणालो.
"बरं झालं," आबा म्हणाले. "चांगली वस्तू हाय, जप."

मग ते मेळाव्याविषयी बोलले. कोण आले होते, कोण आले नाही, कोणाची दृष्टी गेली, चहा कसा पांचट होता. मी भाकरी खाल्ली, पिठलं खाल्लं, दुसऱ्यांदा घेतलं. आबांना इतके बोलताना मी कधी ऐकले नव्हते. मला एकही वाक्य मध्ये घालावे लागले नाही. तशी जागाच त्यांनी ठेवली नाही.

निघताना मी चपला घालायला वळलो, तेव्हा दिसले. सोप्यात त्यांची नेहमीची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून असते. येणारीजाणारी वाहने पाहत बसणे ही त्यांची एकमेव करमणूक. आज ती उलटी फिरवलेली होती. मी गाडीतून उतरेपर्यंत त्यांनी ती फिरवून घेतली असणार. पुरे दोन तास आबा दाराकडे पाठ करून बसले होते, म्हणजे बाहेर कोणती गाडी उभी आहे, हे त्यांना दिसायला नको.